ज्ञानेंद्रियाची बदली

बंगळुरातून होसूरच्या रस्त्याने निघालेल्या माणसाला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत नारायणा हेल्थ सिटीचे विस्तीर्ण आवार लागते, आणि त्या आवारात नारायण नेत्रालयाची शाखाही आहे. पण पाहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पडला तो डोळ्यांच्या दुखण्यावरून नव्हे, तर याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत घडविलेल्या एका यांत्रिक हातावरून. ज्यांना बोलवत नाही व हातही हलवत नाही, त्यांनी केवळ पाहावे आणि त्या हाताने वस्तू उचलून ठेवावी, अशी ती योजना. चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतील विद्यार्थ्यांसमवेत तिची चाचणीही झाली.

नजरेचा माग काढणारी यंत्रे बहुधा डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकतात. बुबुळावर त्याचा चिमुकला ठिपका चमकतो, आणि तो ठिपका व बाहुलीचा मध्य यांच्या अंतरावरून दृष्टीची दिशा हिशेबात येते. नेत्रातून तैजस किरण निघून वस्तूस भिडतो, असे नैयायिक म्हणत. येथे किरण उलट्या वाटेने येतो खरा, पण नजर वस्तूपर्यंत पोहोचून तिला हलविते, एवढे तरी त्यांच्या पदरात पडले!

सांख्यांच्या वाटणीत चक्षू हे ज्ञानेंद्रिय. धरणे हाताचे व बोलणे वाणीचे काम. ही दोन्ही कर्मेंद्रिये निकामी झाल्यावर त्यांचे सारे दप्तर एकट्या डोळ्याकडे सोपविले जाते, आणि डोळा तर जात्याच भटका. नजर पडेल तो हुकूम, असे यंत्र मानू लागले तर अनर्थ ओढवेल. नजरचूक आपण एरवी माफ करतो. येथे तिची तत्काळ अंमलबजावणी होते. म्हणून नजर समोरच्या पडद्यावरील एखाद्या चौकटीवर ठरावीक वेळ खिळली तरच ती इच्छा समजावी, असा दंडक यंत्राला घालून देतात. परंतु टक लावणे म्हणजे इच्छिणे नव्हे; मन अन्यत्र असले की समोरचेही दिसत नाही, हे बृहदारण्यकाने केव्हाच नोंदविले आहे, आणि यंत्राला मनाचा ठावठिकाणा कुठला?

अशा पडद्यासमोर बसलेला एक मुलगा मी कल्पितो. खिडकीबाहेर खार पळते, तो पाहतो, परतताना नजर ‘पाणी’ या चौकटीवर रेंगाळते, आणि तहान नसता पेला पुढे येतो. आपण दिवसभर जे फुकटचे पाहणे पाहतो, ते त्याला असे महागात पडते. जाणते रचनाकार म्हणूनच पडद्याच्या कडेला विश्रांतीची एक चौकट ठेवतात; तिच्यावर टक लावली की यंत्र हुकूम घेणे थांबविते, आणि मग खार दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत बसता येते.