मेपलचा पाक आणि श्रमांचें मोल

गोड पदार्थ जिभेवर ठेवतांना तो कोणाच्या श्रमांनीं गोड झाला, हा प्रश्न आपल्यापैकीं फारसा कोणी विचारीत नाहीं. आणि एका परीनें तें बरेंच आहे, कारण प्रत्येक घांसाबरोबर तो विचारूं लागल्यास जेवणें कठीण होईल. परंतु गेल्या वर्षीं मार्च महिन्यांत अमेरिकेंतील व्हर्माँट राज्यांत एका जुन्या विद्यार्थ्याकडे आम्ही पंधरा दिवस राहिलों, तेव्हां एका लहानशा यंत्राच्या निमित्तानें हा प्रश्न आमच्यापुढें असा कांहीं उभा राहिला कीं, त्याचा विचार केल्यावांचून सुटका नव्हती. यजमानांच्या घरांत मात्र त्याचें उत्तर आधींच ठरून गेलें होतें, आणि तें ठरविणारी व्यक्ति आमचा विद्यार्थी नव्हे, तर त्याची पत्नी होती.

मेपल हा वृक्ष आपल्याकडील वाचकांस बहुधा कॅनडाच्या ध्वजावरील पानावरूनच ठाऊक असतो. त्याच्या अनेक जातींपैकीं एका जातीस साखरेचा मेपल म्हणतात. हिंवाळ्याच्या अखेरीस, रात्रीं पाणी गोठावें व दिवसां वितळावें असे दिवस आले म्हणजे या झाडाच्या खोडांत रसाचा दाब वाढतो. खोडास दीड-दोन इंच खोल भोंक पाडून त्यांत तोटी बसविली कीं रस थेंबथेंब गळूं लागतो. हा हंगाम चार ते सहा आठवड्यांचा. कळ्या फुगूं लागल्या कीं रसाची चव बिघडते आणि सारा कारभार आटोपतो. रस दिसावयास पाण्यासारखा, आणि खरोखर तो बहुतांशीं पाणीच. त्यांत साखर शेंकडा दोनच्या आसपास. बाटलींत भरावयाच्या पाकांत ती शेंकडा सहासष्ट असावी लागते. व्हर्माँटमधील सी. एच. जोन्स यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला एक सोपा हिशेब आहे: ८६ या आंकड्यास रसांतील साखरेच्या टक्क्यांनीं भागावें, जितका भागाकार येईल तितकीं मापें रस एक माप पाकास लागतो. दोन टक्क्यांच्या रसास ४३ मापें. म्हणजे एक लिटर पाकासाठीं सुमारें बेचाळीस लिटर पाणी वाफेच्या रूपानें हवेंत सोडून द्यावयाचें!

कोल्हापूरकडील गुऱ्हाळ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल. उंसाच्या रसांत साखर मेपलच्या आठ-दहापट असते, आणि चुलवाणांत घालावयाचें जळणही त्याच उंसाचीं चिपाडें पुरवितात. मेपल रस देतो, जळण देत नाहीं. जळण हवें तर त्यालाच तोडावें लागेल. बेचाळीस लिटर थंड पाण्याची वाफ करण्यास, उष्णतेचा एक कणही वाया न जातां, सात किलो सुकें लांकूड लागतें असें गणित सांगतें. अंगणांतील उघड्या चुलीवर निम्म्याहून अधिक उष्णता आकाशास अर्पण होते, तेव्हां प्रत्यक्ष खर्च याच्या दुपटी-तिपटीचा. आणि लांकूड आपण होऊन चुलींत जात नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरामागें अशीं वीस झाडें आहेत. घर घेतल्यावर पहिल्याच वसंतांत त्यानें हौसेनें तोट्या बसविल्या, विटांची चूल रचली, एक पसरट कढई आणली. चांगल्या दिवशीं ऐंशी लिटर रस जमे. पण रस दुधासारखा नाजूक. हवा जरा ऊबदार झाली कीं दोन दिवसांत आंबतो. तो तर दिवसां कचेरींत. मग चुलीपाशीं कोण? बाई स्वतः घरीं बसून हिशेबनिसाचें काम करीत. तें काम सांभाळून त्या दर अर्ध्या तासाला बर्फांतून जाऊन लांकडें घालीत, आणि रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत पाक करपूं नये म्हणून दोघेही जागत. दोन वर्षें हें चाललें. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं नवऱ्यास स्पष्ट सांगितलें, ‘‘छंद तुझा आहे, जागरण माझं होतंय. एक तर चूल बंद कर, नाहीं तर कांहीं युक्ति काढ.’’ त्यानें युक्ति काढली.

यंत्र म्हणण्यासारखें तींत फारसें कांहीं नव्हतें. आपल्या शहरांतून स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचा जो आर. ओ. टांगलेला असतो, त्याच्यांतील पडद्याच्या गुंडाळ्या बाजारांत सुट्या मिळतात. तशा चार गुंडाळ्या नळकांड्यांत घालून त्यानें एका फळीवर एकीपुढें एक जोडल्या होत्या. आधीं कचरा धरणारी पांच मायक्रॉनची गाळणी, मग छोटा विजेचा पंप, मग हीं नळकांडीं, आणि रस जेथून बाहेर पडतो त्या नळीवर एक बारीक झडप व दाबमापक. सारी कळ त्या झडपेंत. ती आवळली कीं आंतील दाब हवेच्या दाबाच्या सहा-सातपट होतो. पाणी पडद्यांतून पलीकडे जातें, आणि साखर, तिचा रेणु मोठा म्हणून, अलीकडेच राहते.

निसर्गक्रम याच्या उलट आहे. १७४८ सालीं आबे नोले या फ्रेंच शास्त्रज्ञानें मद्यार्क भरलेलें भांडें प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातड्यानें बांधून पाण्यांत ठेवलें, तेव्हां पाणीच आपण होऊन आंत शिरलें आणि कातडें फुगून वर आलें. पाण्याचा ओढा नेहमीं दाट द्रवाकडे. त्यास बाहेर काढावयाचें तर त्या ओढ्याहून अधिक जोर लावावा लागतो, आणि द्रव जसजसा दाट होतो तसतसा हा ओढा वाढतो: दोन टक्क्यांच्या रसास तो हवेच्या दाबाच्या दीडपटीच्या आंत असतो, सहा टक्क्यांस चौपटीच्या पुढें जातो. हा जोर सोसून भरपूर पाणी सोडील असा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब व भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनीं तयार केला. त्यांच्या डोळ्यांपुढें समुद्राचें खारें पाणी होतें. परंतु १९६७ मध्यें अमेरिकन शेतकी खात्यांतील सी. ओ. विलिट्स व त्यांचे सहकारी यांनीं मेपलचा रस याच रीतीनें दाट करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढें मोठ्या कारखानदारांनीं ती रीत उचलली. अंगणांत चूल मांडणारे हौशी लोक तिच्यापर्यंत पोंचले ते मात्र घरगुती आर. ओ. चे सुटे भाग स्वस्त झाल्यावर.

आमचे यजमान सहा टक्क्यांवर थांबतात. तेवढ्यासाठीं तोच रस दोन-तीनदां फिरवावा लागतो, पण दोनतृतीयांश पाणी विस्तवाशिवाय निघून जातें आणि त्यास लागणारी वीज जळणाच्या मानानें नगण्य. अडचणी आहेतच. नळकांड्यावर छापलेलें प्रमाण पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्याचें. बर्फासारख्या गार रसास तीच गुंडाळी निम्मीसुद्धां वाट देत नाहीं. पडदा एकदां गोठला कीं कामांतून गेला. म्हणून रोज संध्याकाळीं पडद्यांतून निघालेल्या पाण्यानेंच त्या गुंडाळ्या धुऊन, बाळंतिणीप्रमाणें जपून, घरांत ऊबेला आणाव्या लागतात. आम्हांस सर्वांत मौज वाटली ती निराळीच. पुण्यास आमच्या घरीं हाच पडदा आहे. त्याच्या पलीकडचें पाणी आम्ही पितों आणि अलीकडचें मोरींत सोडतों; हे अलीकडचें ठेवतात आणि पलीकडचें सांडतात. पडदा तोच, दाबाचें तत्त्व तेंच. टाकाऊ कोणतें, हें पडद्याला ठाऊक नसतें.

प्रथम दर्शनीं आम्हांस, खरें सांगावयाचें तर, वाईट वाटलें. आम्ही मनांत चित्र रंगवून गेलों होतों: बर्फ, रात्र, वाफेचे लोट, चुलीभोंवतीं माणसें. तेथें पंपाची घरघर ऐकून आम्हांस फसविल्यासारखें झालें. पोट भरण्यासाठीं पाक करणारानें यंत्र लावावें, हें समजतें. पण हौसेखातर करणारानें श्रम वांचविले तर हौस कशाची राहिली? सिंहगडावर मोटार जाते. म्हणून पायीं चढणारे कांहीं मोटारीनें जात नाहींत. ही उपमा आम्हीं त्या दोघांपुढें मोठ्या आत्मविश्वासानें मांडली. बाई हंसल्या, आणि म्हणाल्या, ‘‘सर, सिंहगड चढणाऱ्याचे स्वतःचेच पाय दुखतात ना?’’

या वाक्यानें आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, जी आम्ही सहसा सांगत नाहीं. आमची आई आमच्या लहानपणीं पहांटे जात्यावर बसे. पुढें प्राध्यापक झाल्यावर एका समारंभांत आम्हीं जात्यावरच्या ओव्यांवर व्याख्यान दिलें, आणि गिरणीनें ओवी मारली, असा त्याचा समारोप केला. टाळ्या चांगल्या पडल्या. आई पहिल्या रांगेंत होती. घरीं येतांना रिक्षांत ती एवढेंच म्हणाली, ‘‘ओव्या चांगल्या सांगितल्यास. पण दळायला तूं नव्हतास.’’ तो लेख आम्हीं कोठेंही छापावयास दिला नाहीं. श्रमांचें माहात्म्य गाणाऱ्यांत न दळणारेच अधिक असावेत, अशी शंका तेव्हांपासून आमच्या मनांत आहे, आणि त्या गणनेंतून आम्ही स्वतःला वगळीत नाहीं.

साखरेच्या बाबतींत तर हा प्रश्न फार जुना. वेस्ट इंडीजमधील साखर गुलामांच्या घामाची, तेव्हां स्वतंत्र माणसांनीं आपल्या घरच्या मेपलची साखर करावी, असें फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनीं १७९१ सालीं टॉमस जेफर्सन यांना लिहिलेल्या पत्ररूप निबंधांत प्रतिपादिलें, आणि जेफर्सन यांनीं त्याच वर्षीं आपल्या वाडींत मेपलचीं रोपें लावविलीं. त्यांच्या स्वतःच्या वाडींत राबणारीं माणसें गुलाम होतीं, हें इतिहासानें नमूद करून ठेवलें आहेच. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीं १९२४ मध्यें शिवणयंत्रास अपवाद केला. हातानें शिवतांना पत्नीस होणारा त्रास सिंगरला पाहवला नाहीं आणि प्रेमापोटीं त्यानें तें यंत्र बनविलें, अशी त्यांची त्यामागची समजूत होती. आमच्या विद्यार्थ्याची फळीवरची खटपट याच वर्गांत बसते. स्वतःचे श्रम चुकविण्यासाठीं केलेलें यंत्र आणि दुसऱ्याचे श्रम वांचविण्यासाठीं केलेलें यंत्र हीं दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांचा न्याय एका मापानें करतां येत नाहीं.

मग ‘अस्सलपणा’चें काय? हा आक्षेप शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांचा. मेपलचा पाक म्हणजे विस्तव, असें ते म्हणत. पण त्या भूमींत युरोपीय माणसें येण्यापूर्वींच तेथील मूळचे लोक मेपलची साखर करीत असत, आणि सर्वस्वी विस्तवानेंच करीत असेंही नाहीं. जेम्स स्मिथ नांवाचा तरुण १७५५ सालीं पेन्सिल्व्हेनियांत पकडला जाऊन कांहीं वर्षें इंडियन लोकांत त्यांच्यांतीलच एक होऊन राहिला. त्याचें आत्मवृत्त १७९९ सालीं छापलें गेलें. त्यांत तो सांगतो कीं, मोठीं भांडीं नव्हतीं तेव्हां त्या बायका रस सालींच्या उथळ पात्रांत रात्रभर गोठूं देत व सकाळीं वरचा बर्फ काढून फेंकीत. तुम्ही साखरच तर फेंकीत नाहीं ना, असें त्यानें विचारलें. त्या म्हणाल्या, फेंकतों तें पाणी. साखर गोठत नाहीं. या बायकांनीं थंडीकडून जें काम करून घेतलें तेंच पंप करतो. अस्सलपणाचा आरंभ विस्तवापासून मोजावयाचा कीं बर्फापासून, हें त्या वृद्धांस सांगतां आलें नाहीं. आम्हांसही येणार नाहीं.

आम्हांस खरा प्रश्न वाटतो तो स्मिथचा. तुम्ही फेंकतां त्यांत साखर नाहीं ना? पडद्याच्या पलीकडचें पाणी आम्हीं पेलाभर पिऊन पाहिलें. जिभेस गोडी लागली नाहीं, मापकानेंही शून्यच दाखविलें. व्हर्माँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रांत दोन टक्क्यांचा रस व पडद्यानें आठ टक्क्यांपर्यंत दाट केलेला रस यांचे पाक ताडून पाहिले, तेव्हां चवींत ठळक फरक आढळला नाहीं. रंग व स्वाद उकळतांना, शेवटच्या टप्प्यांत, साखर व इतर द्रव्यें तापून उत्पन्न होतात. तेवढा विस्तव यजमानांनीं राखला आहे. पाण्याच्या चार अंश वर, म्हणजे १०४ अंशांच्या आसपास, पाक उकळूं लागेपर्यंत चूल पेटलेलीच असते. परंतु मापकास न दिसणारें असेंही कांहीं त्या पाण्याबरोबर जातें. पूर्वीं शनिवारीं रात्रीं शेजारीपाजारी कढईभोंवतीं जमत, आपापलीं लांकडें घेऊन येत. आतां काम संध्याकाळीं सातालाच आटोपतें, आणि येण्यास कोणाला निमित्त उरत नाहीं. हें आम्हीं बाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, खरं आहे. त्या रात्रीं चांगल्या होत्या, पण त्या शनिवारच्या होत्या, आणि रस सोमवारीं, मंगळवारींही येतो.

आम्ही निघण्यापूर्वीं एका शनिवारीं यजमानांनीं आमच्या हौसेखातर यंत्र न लावतां चूल पेटविली. दोन शेजारी आले. ते वृद्ध गृहस्थही आले. बाई जेवण करून झोंपावयास गेल्या. लांकडें घालण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. पहिला तास फार सुखाचा गेला. दुसऱ्या तासांत धुरानें डोळे भरून आले, पाठ भरली, आणि पुढून भाजत असतां मागून हीव भरूं लागलें. साडेदहाला शेजारी उठले. पिंपांत अजून चाळीस लिटर रस होता. आमचा विद्यार्थी आमच्या तोंडाकडे पाहून कांहीं बोलला नाहीं; तो आंत गेला, आणि नळकांड्यांची फळी बाहेर घेऊन आला. आम्हीं वायर खांबाला लावून दिली.