सत्तेची विभागणी आणि नागरिकशास्त्राचा तास

सत्ता एकाच हाती का नसावी, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. शाळेत तो बहुधा व्याख्येपुरता उरतो. कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते राबवते, न्यायमंडळ न्याय देते, एवढे मुलांना पाठ होते. पण ही कामे तिघांत का वाटली, हे उमगल्याशिवाय पाठांतराला अर्थ नाही.

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ साली मांडले: सत्ता मिळालेला माणूस तिचा गैरवापर करण्याकडे झुकतो, म्हणून सत्तेनेच सत्तेला आवर घालावा. दुसरे उत्तर अधिक खोल जाते. माणूस सज्जन असला तरी ज्या वादात त्याचे हित गुंतले आहे, त्याचा निवाडा त्याने करू नये. कारण स्वार्थ प्रामाणिक माणसालाही सहज दिसत नाही. विभागणीच्या मुळाशी केवळ अविश्वास नाही, तर मानवी मर्यादांचा नम्र स्वीकार आहे.

इंग्रजी अमलात जिल्ह्याचा कलेक्टरच दंडाधिकारी असे आणि पोलिसांवरही त्याचा ताबा असे. हा अनुभव ध्यानात घेऊन संविधानाच्या ५०व्या अनुच्छेदाने न्यायव्यवस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी करण्याचा निर्देश दिला. मात्र भारतात तिन्ही मंडळांमध्ये अभेद्य भिंत नाही. मंत्री कायदेमंडळातूनच येतात आणि मंत्रिमंडळ केंद्रात लोकसभेला, तर राज्यात विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते.

मग सीमारेषा कुठे आहे? १९७५ मधील एका खटल्यातून ती स्पष्ट होते. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द केली. अपील प्रलंबित असतानाच संसदेने ३९वी घटनादुरुस्ती करून ती निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली आणि वैध ठरवली. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीतील हा भाग रद्द केला. मात्र संसदेने पूर्वलक्षी प्रभावाने बदललेला निवडणूक कायदा ग्राह्य धरून निवड कायम ठेवली. निकालाच्या या दोन्ही बाजू मुलांना सांगायला हव्यात. संसद कायदा बदलू शकते, पण एखाद्या चालू वादाचा निकाल स्वतः लावू शकत नाही, हा भेद त्यातून कळतो.

हाच भेद वर्गात करूनही पाहता येतो. एका गटाने वाचनालयाचे पुस्तक उशिरा परत केल्यास दंडाचा नियम लिहावा, दुसऱ्याने दंड आकारावा, तिसऱ्याने तक्रार ऐकावी. आजारपणामुळे उशीर झालेला विद्यार्थी समोर आला आणि नियमात आजारपणाचा उल्लेखच नसला, की तिन्ही गटांना आपापल्या कामाची हद्द शोधावी लागते. पुढच्या फेरीत तिन्ही कामे एकाच गटाकडे दिली, तर दाद मागायला जागा उरत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

एक अडचण उरते. वर्गात बहुधा शिक्षकच नियम करतात, शिक्षा देतात आणि तक्रारही तेच ऐकतात. शिक्षकाच्या अधिकाराशिवाय शाळा चालणार नाही. पण शिक्षकाच्या निर्णयाविरुद्ध मुलाला न घाबरता दाद मागता आली, तरच धड्याला बळ येते. संवैधानिक नैतिकता ही उपजत भावना नसून ती जोपासावी लागते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. ती जोपासण्याचे काम नागरिकशास्त्राच्या तासाचे आहे आणि ते शिक्षकाच्या वागण्यापासून सुरू होते.