पात्रतेचे माप

चांगले काय, हे कोणी ठरवावे? १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले तेव्हा हा प्रश्न परिनिरीक्षण मंडळापुढे होता. आज तो यूट्यूबच्या भागीदार योजनेपुढे आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा, तर एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण, ही अट २०१८ साली आली. शिवाय आशय स्वतःचा हवा, साच्यातून काढलेला नको.

दुसरी अट आम्हांस न्याय्य वाटते; उसन्या मालाला मोबदला कशाला? पहिली अट मात्र गुण मोजत नाही, गर्दी मोजते. गुंजीतील एखाद्या मुलाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित केल्या, तर हजार सदस्य जमण्यास वर्षे लागतील. तरीही व्यापाऱ्याने गर्दी पाहावी यात अन्याय नाही. चित्रफीत दाखविण्यास त्याची बंदी नाही. नकारावर एकवीस दिवसांत अपीलही करता येते.

अन्याय घडतो तो आपण ते माप आपले मानले म्हणजे. शासकीय सेवेत आम्ही पात्रतेच्या याद्या पुष्कळ पाहिल्या. यादीबाहेरचा माणूस त्या योजनेपुरता अपात्र असतो, एवढेच. ओव्यांचे मोल आपणच ठरवावे. त्यासाठी आधी त्या ऐकाव्या लागतील.