पत्ता कुणासाठी?

माझी भाची लग्न होऊन ग्लासगोला गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. सासरची माणसे अस्सल स्कॉटिश. पूर्वजांचा शोध घेण्याचा छंद त्या देशात पुष्कळांना असतो, आणि त्याला साधनेही भरपूर आहेत. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद आहे. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या आहेत. शिवाय १८४१ पासूनच्या शिरगणतीत माणसांची नावे मिळतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये जी वही उलगडून दाखवतात, तसलीच ही वही, फक्त फार मोठी आणि सरकारच्या ताब्यातली. भाचीने हा छंद सासूबाईंकडून उचलला. ती म्हणते, “मामा, नावे सापडतात हो. अडते ते पत्त्यांपाशी.”

तिच्या पत्रांतून मला या पत्त्यांची गोडी लागली. ‘बॅक लँड’ असे लिहिलेले असले की तिथे मोकळी जमीन होती असे कुणालाही वाटेल. परंतु तिकडे ‘लँड’ म्हणजे अनेक बिऱ्हाडांची इमारत, जवळजवळ आपली चाळच. आणि ‘बॅक लँड’ म्हणजे रस्त्यावरच्या इमारतीमागे, परसात दाटून उभी केलेली दुसरी इमारत. एका शब्दावरून त्या घरात ऊन किती येत असेल याचा अंदाज करता येतो. १८६१ च्या शिरगणतीपासून तर खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही तिथे विचारत. म्हणजे कधीकधी घर नेमके कुठे होते हे सापडत नाही, पण उजेडाच्या खोल्या किती होत्या हे कळते.

जुन्या दस्तऐवजांत याहून गंमत आहे. अमका माणूस अमक्या गावा‘चा’ असे लिहिले तर तो त्या जमिनीचा मालक, आणि अमक्या गावा‘तला’ असे लिहिले तर कूळ. आपण ‘साताऱ्याचे जोशी’ म्हणतो तेव्हा जोशांनी सातारा विकत घेतला असे कुणी समजत नाही; तिथे मात्र षष्ठी विभक्तीला सातबाराचे वजन होते. शेतमजुराला तर धड विभक्तीही नव्हती. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कराराने तो या मळ्यावरून त्या मळ्यावर जायचा आणि त्याच्या पाच मुलांचे जन्म पाच ठिकाणी नोंदले जायचे. आपण पत्रावर ‘मुक्काम पोस्ट’ लिहितो, त्यातल्या मुक्काम शब्दाचा खरा अर्थ त्या माणसाला विचारावा.

पण मी लिहायला बसलो तो दुसऱ्याच एका पत्त्यामुळे.

भाचीच्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आईचा जन्म १९२२ सालचा. दाखल्यावर ठिकाण लिहिले आहे ‘१३३, बॅलर्नॉक रोड’. या पत्त्याभोवती घरात एक गोष्ट तयार झाली होती. आजोळचे घर म्हणे पुढे बाग असलेले होते, नंतर दिवस फिरले आणि ते सोडावे लागले. भाची ते घर शोधायला गेली. त्या क्रमांकाचे घर नव्हतेच. तो स्टॉबहिल रुग्णालयाचा क्रमांक. १९०४ साली उघडलेले हे रुग्णालय त्या काळी गरिबांच्या कायद्याखाली चालत असे. ज्यांना दुसरा आसरा नाही अशांनी तिथे जायचे. आज त्याच आवारात नवे रुग्णालय आहे आणि तिथे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. १९२२ साली वाटत असे.

अनाथ-गरिबांच्या घरात जन्मलेल्या मुलाला दाखल्यामुळे जन्मभर मान खाली घालावी लागू नये, म्हणून संस्थेचे नाव न लिहिता केवळ रस्ता आणि क्रमांक लिहावा, अशी सूचना इंग्लंडमध्ये १९०४ साली निघाली. पुढे स्कॉटलंडमध्येही हीच रीत पडली. लिहिलेले अक्षरन् अक्षर खरे, आणि हेतू मात्र खरे कळू नये हा. आपल्याला लगेच धर्मराज आठवतो. पण ‘नरो वा कुंजरो वा’ हे अर्धसत्य एका बापाचा जीव घेण्यासाठी उच्चारले गेले. इथे ते एका तान्ह्या मुलाला वाचवण्यासाठी लिहिले गेले. या कारकुनाचा रथ जमिनीला टेकला असेल असे मला वाटत नाही.

तरीही एक शंका राहतेच. झाकली गेली ती लाज कुणाची? मुलाने काही केले नव्हते. जन्माचे ठिकाण लपवायचे म्हणजे तिथे जन्मणे लाजिरवाणे आहे हे शेजाऱ्यांचे म्हणणे मुकाट मान्य करायचे. गरिबाला नीट न वागवणाऱ्या समाजालाही तो पत्ता सोयीचाच होता. हे खरे असले तरी मी कारकुनाच्याच बाजूला राहीन. समाज सुधारायला पन्नास वर्षे लागतात. त्या पोरीला चौदाव्या वर्षी नोकरी हवी होती.

सगळ्याच गरिबांना ठिकाण लपवायचे होते असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात क्रॉइक नावाचे एक छोटे चर्च आहे. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्वी खोऱ्यातल्या कुळांना जमिनीवरून हुसकून लावले, तेव्हा ती माणसे या चर्चच्या आत गेली नाहीत. बाहेर कबरींच्या मधल्या जागेत आडोसा करून राहिली. तिथून त्यांनी खिडकीच्या काचांवर बाहेरच्या बाजूने ओरखडून लिहिले की आम्ही ग्लेनकॅल्वीची माणसे इथे होतो, अमक्या तारखेला. ती अक्षरे आजही वाचता येतात. त्यांची बोली गेलिक. लिहिले ते इंग्रजीत. म्हणजे आपापसांत वाचण्यासाठी नव्हे, मागून येणाऱ्या कुणा परक्यासाठी. एका काचेवर तर त्यांनी स्वतःलाच पापी पिढी म्हटले आहे. घर दुसऱ्याने हिरावले आणि पाप आपले, असे त्यांना खरोखर वाटले असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा भाचीने मला विचारले, सासूबाईंना सांगू की नको? काचेवरचे वाचायला आपल्याला आमंत्रण आहे. दाखल्यावरचा पत्ता मात्र आपण कुणाच्या तरी मनाविरुद्ध फोडतो. आपल्या जुन्या ग्रंथांत विषय सांगण्याआधी अधिकारी कोण ते सांगतात. ऐकणाऱ्याची योग्यता पाहिल्यावाचून ज्ञान द्यायचे नाही. मी तिला लिहिले की तो पत्ता हिणवणाऱ्यांपासून लपवला होता, लेकीपासून नव्हे. लेक अधिकारी आहे, सांग. लिहिताना हे मला पटलेले होते. पत्र टाकल्यावर तितके पटेना. बागेचे घर ज्या बाईने ऐंशी वर्षे मनात सांभाळले, तिच्या हातून ते काढून घेण्याचा अधिकार कुणी तपासायचा?

भाचीने सांगितले. सासूबाई दोन दिवस त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, “आईला हे माहीत होते का गं?”

भाचीजवळ याचे उत्तर नव्हते. दाखल्यात तर ते सापडण्यासारखे नव्हतेच.