नुसते ओठ हलव

डिसेंबर लागला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. समूहगीतासाठी मुलं निवडणं हा त्यातला सगळ्यात निर्दय भाग. बाई पेटीवर सा धरतात, एकेकाला म्हणायला लावतात आणि दहा मिनिटांत वर्गात सुरेल आणि बेसूर अशा दोन जाती तयार होतात. ज्याचा सूर लागत नाही, पण ज्याला या ना त्या कारणाने रांगेतून काढताही येत नाही, त्याला हळूच सांगितलं जातं, ‘‘तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव.’’ पन्नाशी उलटलेली माणसंही हे वाक्य विसरलेली नसतात. पुढे आयुष्यभर ती आरतीतसुद्धा टाळ्याच वाजवतात.

याच महिन्यात, २२ डिसेंबर १९७५ रोजी, संगीतकार वसंत देसाई मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. ‘झनक झनक पायल बाजे’साठी उस्ताद अमीर खाँना गायला लावणारा, ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँची सनई घरोघर पोचवणारा हा माणूस. चित्रपटसंगीताचे जाणकार त्यांना त्यासाठी आठवतात, ते रास्तच आहे. मला मात्र ते आठवतात ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमासाठी. समोर शाळकरी मुलांचा समुदाय, हजारोंनी, आणि त्यांच्याकडून समूहगीतं गाऊन घेणारे वसंतराव. मैदानभर मुलं म्हटल्यावर गळे निवडत बसण्याचा प्रश्नच उरत नाही. आलेला प्रत्येक गळा आपलाच.

हे काम नुसत्या प्रेमाने होत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या मुलाला पुढच्या रांगेचा सूर पाव सेकंदाहून थोडा जास्तच उशिरा ऐकू येणार. त्याने मन लावून ऐकलं आणि ऐकू येईल तसं म्हटलं, तर तो मागे पडणार. त्याचं ऐकून म्हणणारा आणखी मागे. (इथे ताल बिघडवतात ती आज्ञाधारक मुलं, ही गंमत मला फार आवडते.) त्यामुळे एवढ्या मोठ्या समूहाला ताल कानांनी नव्हे, डोळ्यांनी धरायला शिकवावा लागतो. समेवर खाली येणारा हात मात्र पहिल्या आणि शेवटच्या रांगेला एकाच क्षणी दिसतो. शिकवणाऱ्याचं सगळं शास्त्र त्या एका हातात येऊन बसतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. सर स्वतःच्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरतात आणि लहान मुलांचा आवाज खालच्या सुरांत बुडून जातो. बाई वरची पट्टी धरतात, तर आठवी-नववीतल्या, आवाज फुटू लागलेल्या पोरांचा गळा अंतऱ्यात चिरकतो. दोन्हीकडे ठपका मुलावरच, ‘बेसूर आहे’ म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत बेसूर ठरलेल्यांपैकी बरेचसे चुकीच्या पट्टीचे बळी असतात, आणि उरलेल्यांपैकी कित्येक चुकीच्या चालीचे.

चाल कशी असावी, हे वसंतरावांकडून शिकावं. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधली भरत व्यासांची प्रार्थना घ्या. गायली आहे लताबाईंनी, पण चाल त्यांच्या गळ्याची परीक्षा बघत नाही. भैरवीचे सूर, सरळ ठेका, तानमुरकी जवळजवळ नाहीच, आणि शब्द संपतो तिथेच श्वास घ्यायला जागा. चित्रपटात ती ज्यांच्यासाठी आहे ते सहाजण खुनाची शिक्षा भोगणारे कैदी आहेत. त्यांनी कधी सा लावलेला नाही. अशा माणसांच्या तोंडी शोभेल अशी चाल बांधायची आणि ती बाळबोध होऊ द्यायची नाही, हे अमीर खाँना गायला लावण्याइतकंच अवघड असावं.

पुढे ‘गुड्डी’त (१९७१) त्यांनी पुन्हा एक प्रार्थना केली. शब्द गुलजारांचे, आवाज वाणी जयराम यांचा, आणि राग केदार. गाण्याच्या क्लासमध्ये केदार काही पहिल्या वर्षी कुणी हाती देत नाही. त्याची चाल वाकडी, दोन्ही मध्यम सांभाळायचे, गुरुजी जपून जपून शिकवतात. आणि इकडे किती शाळांमध्ये सकाळी सातच्या परिपाठाला अर्धवट झोपेतली पोरं, पुढच्याच्या दप्तराचा बंद ओढत ओढत, तोच केदार सगळ्या वर्गासकट म्हणून मोकळी होतात.