माखीराचे घर

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 9:1–13, 17:27–29

दावीद राजाने मफीबोशेथाला आपल्या मेजावर बसवले, ही गोष्ट रविवारच्या शाळेतील मुलांना पाठ असते. परंतु त्यापूर्वी तो कोठे राहत होता, असे विचारले तर शिक्षकही क्षणभर थांबतात. तो लो-दबार येथे, अम्मीएलाचा पुत्र माखीर याच्या घरी होता. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी लंगडा झाला. आजोबांचे राज्यही गेले. अशा माणसापासून माखीराला लाभ तो कोणता? उलट नव्या राजाचा रोष ओढवण्याचे भय. तरी त्याने दार उघडले.

राजापुढे मफीबोशेथाने स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. त्या शब्दावरून, प्रिय वाचकहो, आज एका निराळ्या पाहुणीविषयी लिहितो.

गोदावरीकाठचे बासर आपल्या धर्माबादेहून जवळच आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून निर्मल जिल्ह्यात आहे. सरस्वतीच्या देवळात मुलांचा अक्षराभ्यास करण्यासाठी तेथे दुरून लोक येतात. अशा यात्रेच्या गावी कुत्री यात्रेकरूंच्या उरल्यासुरल्यावर जगतात. तरणी धावून घास मिळवतात. म्हातारी मागे राहते. मेजाखाली पडणाऱ्या चुऱ्याविषयी कनानी स्त्री बोलली खरी (मत्तय 15:27), पण चुऱ्यापर्यंत पोहोचायलाही पायांत बळ लागते.

7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. कुत्रे चावलेल्या मुलाच्या आईबापांचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो त्या आदेशाला सहज नावे ठेवणार नाही. तथापि निवाऱ्यातून म्हातारे जनावर मागून नेणारे थोडेच. तिला कायमचे घर मिळेपर्यंत ठेवून घेणारा कोणी तरी माखीर हवा.

माणसे उपाशी असता कुत्र्यांचे लाड कशाला, असे कोणी विचारील. 1824 मध्ये लंडनला रेव्ह. आर्थर ब्रूम यांनी प्राण्यांवरील क्रूरता थांबवण्यासाठी संस्था काढली, तेव्हा गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले विल्बरफोर्स त्यांच्याबरोबर होते. त्यांना ही दोन कामे परस्परविरोधी वाटली नाहीत. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम तुरुंगातही गेले.

तर अशी म्हातारी कुत्री घरी आली, असे समजा. आधी पशुवैद्याला दाखवून रेबीजची लस द्यावी. दात, डोळे, कातडी तपासून घ्यावी. घरात शिरताच ती खाटेखाली जाते. कोणी पाहत असेल तर अन्नाला तोंड लावत नाही. रात्री फरशीवर लघवी करते. मग घरचे म्हणतात, “एवढे केले, तरी मेली शेपूट हालवत नाही!” आपण उपकाराची पावती त्याच दिवशी मागतो. अनुभवी लोक ढोबळ हिशेब सांगतात : भीती ओसरायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. म्हातारीला याहूनही अधिक लागतील.

तोवर तिला ओढून बाहेर काढू नये. मुलांनी तिच्या अंगावर वाकू नये. खाताना किंवा झोपेत हात लावू नये. कानांनी कमी ऐकते, म्हणून समोरून जावे. गुळगुळीत फरशीवर म्हातारे पाय घसरतात, तेथे गोणपाट अंथरावे. मऊ अन्न थोडे थोडे द्यावे, त्यात कांदालसूण नको. निजण्यापूर्वी एकदा बाहेर न्यावे. एवढे करून आपण गप्प बसावे, हेच कठीण.

दावीदाने मफीबोशेथाला प्रथम सांगितले ते हेच, की भिऊ नको. शेत दिले, मेजावर जागा दिली. हे सर्व ऐकल्यानंतरही तो मेलेल्या कुत्र्याची भाषा बोलत होता! कृपा आधी पोहोचली, मन मागाहून आले. दावीदाने त्याबद्दल त्याला बोल लावला नाही. आपल्या मंडळीत मात्र नवीन आलेल्या दुःखी बहिणीकडून आपण दुसऱ्याच रविवारी साक्ष मागतो.

राजाचे सेवक आले तेव्हा माखीराच्या घरून मफीबोशेथ गेला. पुढे अबशालोमापासून पळत दावीद महनाईमास आला, तेव्हा थकलेल्या लोकांसाठी बिछाने, भांडी, गहू, मसूर घेऊन येणाऱ्यांत हाच माखीर होता.

म्हातारीला कायमचे घर मिळाले की तुम्हालाही तिला सोडावे लागेल. त्या दिवशी तिचे गोणपाट धुऊ नका. तिच्या वासासकट तेच बरोबर द्या, म्हणजे नव्या घरी पहिल्या रात्री ते तिच्या अंगाखाली असेल.