तिसऱ्या पिंडाची कथा

श्राद्धसमयी गृहस्थ पिता, पितामह व प्रपितामह अशी तीन नावे उच्चारून पिंडदान करतो. शेजारी बसलेल्या बालकाच्या कानांवर ती नावे पडतात. परंतु ती माणसे कशी होती, हे त्यास क्वचितच कोणी सांगतो.

महाभारत हे असेच एका वंशजाला सांगितलेले घरचे वृत्त आहे. सर्पसत्राच्या प्रसंगी जनमेजयाने आपल्या पूर्वजांचे चरित्र विचारले. त्याचा पिता परीक्षित, पितामह अभिमन्यू आणि प्रपितामह अर्जुन. तिसरा पिंड ज्याचा, त्याचीच ही कथा! भगवान व्यास तेथे स्वतः उपस्थित होते. त्यांच्या आज्ञेने वैशंपायनांनी ती सांगितली. धर्मराजांनी द्यूतात पत्नी पणाला लावली, अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारले. ऐन रणांगणात अर्जुनाचे हातपाय गळाले, गांडीव हातातून निसटले. कुळाची लाज राखण्यासाठी यांतील एकही प्रसंग व्यासांनी गाळला नाही; आपल्या कानीन जन्माची हकीकतही झाकली नाही. अर्जुनाचा विषादच वगळला असता, तर गीता कोठून सुरू झाली असती?

गृहस्थ मुलांस स्वतःच्या बालपणीचे परीक्षेतील यश हौसेने सांगतो. शाळा बुडवून नदीवर घालविलेला दिवस, आजोबांचे कर्ज, भाऊबंदकीत फुटलेले घर मात्र टाळतो. (मुलांना ते बहुधा शेजाऱ्यांकडून कळतेच.) आपल्या वडिलांचाही धीर एकदा सुटला होता आणि तेव्हा कोणीतरी त्यांचा हात धरला, हे ज्याने ऐकले आहे, तो मुलगा स्वतःवर तशी वेळ आली असता तोंड लपवीत नाही, घरी येऊन बोलतो.